बिऱ्हाड पाठीवर, घाट पुढ्यात

मोटारीच्या मागे घर जोडून प्रवासाला निघणारा माणूस विंचवाच्या जातीचा असतो, असे आमच्या सौ.चे ठाम मत आहे. "विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण तुम्ही पंधरा वर्षे वर्गात शिकवलीत. आता ती करूनच दाखवायला हवी का?" असे तिने मला गेल्या वर्षी नवरात्रात विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर अंगणात उभे होते.

माझ्या मेहुण्यांनी पुण्यास एक जुने ट्रेलर-घर हौसेने विकत घेतले. घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपण दहाव्या मजल्यावर राहतो आणि खालच्या आवारात सायकल ठेवण्याचीसुद्धा पंचाईत आहे. तेव्हा ते घर आमच्या रहिमतपूरच्या अंगणात येऊन पडले. बारा फूट लांब, दोन चाकांचे. आत दोघांना निजता येईल अशी फळी, घडीचे टेबल, शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात पडद्याआड एक कमोड. गावातली पोरे खिडकीला नाक लावून आत बघत आणि "सरांनी फिरतं घर आणलंय" म्हणून सांगत सुटत.

मला मोह पडला तो त्या कमोडाचा. वाचकांनी हसू नये. माझे वडील, दादा, ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे धरलेले, आणि तासाभराने उठावे लागते. या एका संकोचापायी दोन वर्षांत ते गावाबाहेर पडले नव्हते. लग्नकार्याचे बोलावणे आले की म्हणायचे, "तुम्ही जाऊन या." मनात आले, हे घर जोडून दादांना एकदा सह्याद्री दाखवून आणावा. दर थांब्याला पडवी आपली, पलंग आपला आणि संकोच कोणाचाच नाही.

म्हणून नकाशा पसरला. रहिमतपूरहून सातारा, मेढा, केळघरचा घाट चढून महाबळेश्वर. तेथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड आणि रायगडचा पायथा. परतताना कशेडी, खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड आणि घर. सुमारे चारशे किलोमीटरचा वर्तुळाकार प्रवास आणि सहा मुक्काम. मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड वर्तुळ कोठले? आमच्या रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आणले. त्याच गावातून बिऱ्हाडासकट रायगडाला जायचे, ही कल्पनाच मला इतकी भावली की, महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात मी ती तीनदा सांगितली. हे तीनदा सांगणे पुढे मला फार महाग पडले.

दादा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी रायगडाविषयी काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "कुंभार्लीवरनं जानार का?"

"हो. शेवटच्या दिवशी."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "उटी कोन लावनार?"

आम्ही सगळे हसलो. दादांची उटी हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. चाकामागे लावायचा दगड म्हणजे उटी. आमच्या दारात कोणाचीही गाडी उभी राहो, दादा काठी टेकत जाणार आणि तिच्या चाकामागे दगड सारणार. सपाट अंगणात उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरलासुद्धा त्यांनी दगड लावलेला आहे. एकदा पाहुण्यांनी तो न बघता गाडी मागे घेतली आणि चाक धडपडले. म्हातारपणाचा चाळा म्हणून आम्ही ते सोडून देत असू.

दुसऱ्या दिवशी दादा ट्रेलरभोवती एक फेरी घालून आले आणि म्हणाले, "गाडी उलाळ हाय."

हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि एम. ए. होईतो विसरलो होतो. बैलगाडीत ओझे मागच्या अंगाला जास्त झाले की पुढची बाजू वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघते. ती गाडी उलाळ. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या खांद्यावर भार येतो. ती गाडी धुरजड. दादा म्हणाले, "गाडी जराशी धुरजड असावी. उलाळ गाडी बैलाचं ऐकत न्हाई."

धुरा, धुरीण, धुरंधर हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. राज्याची धुरा, संस्थेचे धुरीण! पण त्या सगळ्यांच्या मुळाशी बैलाच्या खांद्यावरचे हे वजन आहे आणि ते किती असावे याचे एक शास्त्र आहे, हे मला माझ्याच अंगणात कळायचे होते.

माझी मुलगी शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने मोबाइलवर शोधून सांगितले की आजोबांचे म्हणणे जगभर मान्य आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा मोटारीच्या हुकावर पडावा, असा संकेत आहे. तो फारच कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि शेवटी मोटारीलाच फरपटत नेतो. फार जास्त पडला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते.

आम्ही ट्रेलर गावाबाहेरच्या वजनकाट्यावर नेला. ज्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या तोलतात तेथे आमचे स्वयंपाकघर तोलले गेले. भांडी, गाद्या, पाणी आणि सौ.ने "लागेल म्हणून" घेतलेला पाटावरवंटा धरून ८८० किलो भरले. मग मुलीने न्हाणीघरातला वजनाचा छोटा काटा आणून त्यावर ट्रेलरची पुढची दांडी टेकवली. काटा ३४ किलोवर थांबला. हवे होते ८८ च्या आसपास! पाण्याची टाकी मागे, गॅसची टाकी मागे, पाटावरवंटाही मागे. गाडी उलाळ होती. दादांनी ते नुसत्या नजरेने ओळखले होते.

सगळे बाहेर काढून पुन्हा मांडले. जड ते खाली आणि चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढच्या अंगाला. हलके ते वर. पाटावरवंटा घरी राहिला. सौ. त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पण काटा ८५ वर आला.

दुसरा धडा शेजारच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरवाल्याने दिला. हंगामात हा गडी दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहतो. मी पटांगणात ट्रेलर मागे घेण्याचा प्रयत्न करीत होतो आणि तो दर वेळी चाकू मिटावा तसा मोटारीच्या अंगावर मिटत होता. तो हसत खाली उतरला. "सर, तुम्ही ट्रॉलीकडं बघताय. ट्रॉलीला जिकडं न्यायचंय त्याच्या उलट्या अंगाला चाक फिरवायचं, आन् फिरवलं की लगेच सोडायचं. मिटायला लागली की ओढून पुढं घ्यायची. लाजायचं न्हाई." चार संध्याकाळी मी घाम गाळला. पाचव्या संध्याकाळी ट्रेलर दोन दगडांच्या मधून सरळ मागे गेला, तेव्हा डॉक्टरेट न मिळाल्याचे दुःख मला पुष्कळ कमी झाले. शिकवणारा निघताना म्हणाला, "पण घाटात एक ध्यानात ठेवा. पुढनं येस्टी आली आन् मागं घ्यायची पाळी आली, तर तिथं दोन दगड नसत्यात. एका अंगाला दरी असती."

तिसरा धडा मात्र गावाजवळच्या एका उताराने शिकवला. बिऱ्हाड जोडून चाचणीसाठी मी मोटार घेऊन गेलो. चढाला यंत्राने जरा कुरकुर केली इतकेच. उताराला लागलो, ब्रेक दाबला आणि मागून कोणी तरी खांद्याला धक्का दिल्यासारखे झाले. ट्रेलर मोटारीला ढकलत होता. पुन्हा ब्रेक, पुन्हा धक्का. पायथ्याशी पोचलो तेव्हा जळका वास येत होता आणि माझे हात थरथरत होते.

मेकॅनिकने बघून निदान सांगितले. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे सरकून हुकाच्या दांडीवर रेटा देतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, अशी ही युक्ती. पण तार गंजून एका चाकाचे ब्रेक मुळीच लागत नव्हते. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या हलक्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे ते सक्तीचे होतात. आमचे बिऱ्हाड ८८० किलोचे! तार बदलली, चाकांचे बेअरिंग वंगणले, टायर नवे घातले, मागचे दिवे जोडले. ट्रेलर मोटारीपासून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप ओढणारी एक तार असते, तीही लावून घेतली. ट्रेलरला नोंदणीचा वेगळा क्रमांक असतो. त्याचे कागद आणि विमा मुलीने तपासले.

एवढे झाल्यावर बेत पक्का व्हावा की नाही? पण मुलगी पदार्थविज्ञानाची वही घेऊन बसली होती. "बाबा, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच आहे. पोलादपूर पार पायथ्याला. माणसांसकट मोटार दोन हजार किलो धरा, ट्रेलर ८८०. एवढे वजन तेराशे मीटर खाली उतरवायचे म्हणजे जी शक्ती सुटते तिने शंभर लिटरहून जास्त गार पाणी उकळेल."

शंभर लिटर म्हणजे आमच्या घरातले आंघोळीचे चार-पाच बंब. ही उष्णता काही वाऱ्यात जाते, काही टायरांत. गिअर खालचा ठेवला तर यंत्रही पुष्कळ पचवते. उरलेली सगळी त्या चिमूटभर ब्रेकांत. तापलेला ब्रेक निम्मे ऐकतो, फार तापलेला काहीच ऐकत नाही. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम. आणि ट्रेलरचे ब्रेक रेट्यानेच लागणारे असल्यामुळे लांब उतारावर ते सारखे घासत राहतात, म्हणजे मोटारीच्याही आधी तापतात. चढण यंत्राची परीक्षा घेते. उतार मालकाची घेतो.

आंबेनळीविषयी मी जसजसे वाचू लागलो तसतसा रायगड दूर जाऊ लागला. २८ जुलै २०१८ रोजी या घाटात एक बस दरीत कोसळली आणि तिच्यातला एकच प्रवासी वाचला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि बरेच दिवस बंद राहिला. आम्ही पावसानंतर जाणार होतो हे खरे. पण वळणे ऋतू पाहून रुंद होत नाहीत.

मेहुणे एका रविवारी पुण्याहून आले. त्यांना हे सारे पटले नाही. "परदेशात लोक याच्या चौपट ट्रेलर घेऊन डोंगर हिंडतात. महाराष्ट्र सरकारनेसुद्धा २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. आणि तुम्ही वजनकाटे घेऊन बसलात!" मग शेवटचा बाण: "प्राध्यापक मंडळी भित्रीच."

परदेशाचे उत्तर मुलीने दिले. अमेरिकेत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एक विख्यात डोंगरी रस्ता आहे, त्याचे नाव 'गोइंग टू द सन'. त्याच्या मधल्या अवघड टप्प्यात एकवीस फुटांहून लांब आणि आठ फुटांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे, आणि ट्रेलर जोडला असेल तर लांबी दोन्हींची मिळून मोजतात. "मामा, आपली मोटार आणि ट्रेलर मिळून तीस फुटांच्या आसपास होतात. तिथे आपल्याला फाटकावरून परत पाठवतील. तिथले लोक ट्रेलर पायथ्याच्या तळावर ठेवतात आणि वर नुसती मोटार नेतात."

मामा गप्प झाले, पण मी झालो नाही. प्राध्यापक-कक्षात तीनदा केलेली घोषणा मला टोचत होती. "हळूहळू जाऊ. पहाटे निघू. वाटेत थांबत थांबत ब्रेक निववू," असे मी म्हणू लागलो. आदल्याच आठवड्यात ज्याचे हात थरथरले होते तोच माणूस हे बोलत होता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर दादांनी मला ओसरीवर बोलावले. त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देण्याचा मोह मी आवरतो, कारण ते थांबत थांबत बोलत होते आणि मधली शांतता मला कागदावर उतरवता येणार नाही.

१९५७ चा उन्हाळा. दादा बारा वर्षांचे. माझे आजोबा गाडीत गूळ भरून कुंभार्लीमार्गे चिपळूणला निघाले आणि त्यांनी दादांना बरोबर घेतले. देशावरचा गूळ, मिरची, धान्य खाली न्यायचे आणि येताना मीठ, सुकी मासळी, नारळ आणायचे, असा हा पिढ्यान्पिढ्यांचा राबता. कोयना धरणाचे काम तेव्हा चालू होते. गाड्यांचे दिवस सरत आले होते, पण आजोबांची सवय सरली नव्हती. परतीला मीठ भरून त्यांनी पोफळीहून घाट चढायला घेतला. चढावर बैलांना दम खाऊ द्यावा लागतो. गाडी थांबली की चाकामागे उटी लावायची, एवढेच दादांचे काम. धोंडा हातात घेऊन गाडीमागे चालायचे.

एका वळणाला करवंदाची जाळी होती. काळीभोर पिकलेली. दादा जाळीपाशी रेंगाळले. पुढे आजोबांनी बैल थांबवले आणि हाक दिली. दादा धावले, पण दहा पावले कमी पडले. गाडी मागे सरकली. उभ्या चढावर मिठाची पोती मागच्या अंगाला घसरली, गाडी उलाळ झाली, जू वर उचलले आणि त्यात पवळ्या बैल लटकून पडला. मागचे चाक गटारात अडकले म्हणून गाडी दरीत गेली नाही. पवळ्याचा पुढचा पाय मोडला होता. पाय मोडलेल्या बैलाला घाटातून वर आणता येत नाही.

"तुझ्या आज्यानं मला बोट लावलं न्हाई," दादा म्हणाले. "शबूद काढला न्हाई. वाटंनं नुसता चालत हुता. रागं भरला असता तर बरं झालं असतं."

आजोबा पुन्हा कधी घाटात गेले नाहीत. उरलेला बैल त्यांनी त्या वर्षी विकला. दादांनी ही गोष्ट माझ्या आईलासुद्धा सांगितली नव्हती.

मी अंगणात पाहिले. ट्रेलरच्या दोन्ही चाकांमागे दगड होते. माझ्या स्कूटरच्या चाकामागेही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा नकाशा काढला आणि बेताची सुरुवात उलट्या बाजूने केली. आजवर मी बिऱ्हाड ओढून कुठे कुठे न्यायचे हे ठरवीत होतो. आता आधी ठरवले ते सोडायचे कुठे. डोंगरी प्रवासाच्या आखणीत हाच पहिला प्रश्न असला पाहिजे, असे माझे मत झाले आहे. बाकीची उत्तरे त्याच्यामागून आपोआप येतात.

कराडहून पाटण आणि पुढे कोयनानगरकडे जाणारा रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून जातो. घाट लागतो तो त्यानंतर. तेव्हा ट्रेलर फक्त तेथवर न्यायचा. पाटणच्या पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. त्याच्या खळ्यात बिऱ्हाड थाटायचे, तीन रात्री तेथेच राहायचे आणि घाट नुसत्या मोटारीने करायचा. रायगड वगळला. प्राध्यापक-कक्षात मी ते स्वतःच सांगितले. कोणाला काही वाटले नाही. माझी घोषणा त्यांच्या लक्षातही नव्हती.

कोणा वाचकाला असा बेत करायचा असेल तर त्याच्या उपयोगाचे म्हणून आमचे ठरलेले नियम येथे देतो. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, दादांनासुद्धा नाही. मोटार किती वजन ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत पाहायचे आणि त्या आकड्याच्या पुष्कळ अलीकडे थांबायचे. निघण्याआधी आणि दर थांब्याला हूक, पिन, दिवे आणि टायर हाताने चाचपायचे. चाकाच्या तबकडीजवळ तळहात नेऊन ती किती तापली ते पाहायचे. गॅसची टाकी प्रवासात बंद. मागे गाड्या साचल्या की जागा पाहून बाजूला व्हायचे आणि त्यांना जाऊ द्यायचे. जेथे वळवून बाहेर पडता येणार नाही अशा गल्लीत शिरायचे नाही. मुक्कामाची जागा मालकाला आधी विचारून ठरवायची आणि उजेडात गाठायची. निघताना तेथे आपली खूण राहू द्यायची नाही. आणि परत फिरण्याचा अधिकार प्रत्येकाला. कोणीही "पुरे" म्हटले की पुरे. कारण विचारायचे नाही. हा शेवटचा नियम सौ.ने घातला.

कार्तिकात आम्ही निघालो. कराडपर्यंत रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि त्यांच्यामागून आमचे घर त्यांच्याच जातीचे असल्यासारखे डुलत चालले होते. वाटेत दादा चार वेळा थांबले, चारही वेळा आपल्या घरात गेले आणि चारही वेळा हसत बाहेर आले. पाटणच्या पुढे खळ्यात ट्रेलर सोडला, टेकूचे चाक खाली घेतले. दगड दादांनीच लावले. रात्री नदीवरून गार वारा आला. सौ.ने त्या चिमुकल्या शेगडीवर पिठले केले आणि पाटावरवंट्यावाचून चटणी होते हे प्रथमच मान्य केले.

दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आम्ही कुंभार्ली उतरलो. खालच्या गिअरमध्ये, पाठीवर ओझे नसताना. पोफळीला चहा घेऊन माघारी वळलो. दादांना चढाचीच बाजू पाहायची होती. ते खिडकीला कपाळ लावून बसले होते. वळणामागून वळण गेले. "हितं असंल," एकदा म्हणाले, आणि मग, "न्हाई, वर असंल." अडुसष्ट वर्षांत रस्ता किती वेळा रुंद झाला असेल, कठडे किती वेळा बांधले असतील. करवंदांच्या जाळ्या तर प्रत्येक वळणाला होत्या, पण हंगाम नसल्यामुळे नुसती पाने आणि काटे.

एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला मोकळी जागा होती. दादा म्हणाले, "थांबव."

मी मोटार कडेला घेतली, हातब्रेक ओढला, गिअर टाकला. दादा उतरले. गुडघे धरून खाली वाकले, एक बेताचा धोंडा निवडला आणि मोटारीच्या मागच्या चाकाखाली सारला. काठीने दोनदा ठोकून बसवला. मग कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली कोकण धुरकट दिसत होते. आम्ही कोणी जवळ गेलो नाही. मुलगी जाणार होती, तिला सौ.ने हात धरून थांबवले.

पाचएक मिनिटांनी ते परतले आणि मोटारीत बसले. मी किल्ली फिरवली, मोटार वीतभर पुढे घेतली. तेवढ्यात दादा पुन्हा दार उघडून उतरले. मला वाटले, काही विसरले. ते मागे गेले, तो धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि कठड्याच्या बुडाशी, रस्त्याबाहेर नेऊन ठेवला.

"उटी वाटंत सोडू ने," हात झाडत ते म्हणाले. "मागनं येनाऱ्याच्या चाकाखाली येती."

परत आल्यापासून दारातल्या गाड्यांना दगड लागतोच. त्यात फरक पडलेला नाही. फरक एवढाच की, आता कोणी हसत नाही, आणि गाडी निघाली की तो उचलून बाजूला ठेवायला माझी मुलगी धावते. ट्रेलर अंगणातच आहे. रायगडाचा नवा नकाशा ओसरीवर पसरला आहे. त्यावर रस्ता अजून काढलेला नाही. बिऱ्हाड कुठे सोडायचे, त्याची जागा तेवढी आम्ही शोधतो आहोत.